रविवारचं पाणी

वडगावातल्या आमच्या घरी नळाचं पाणी आठ दिवसांतून एकदा यायचं आणि समुद्राचं पाणी दर शुक्रवारी. यात मी पदरचं काही घालत नाही. बेळगावची भाजी टेम्पो भरभरून गोव्याला जाते, तेव्हाही जायची, आणि येताना ते टेम्पो रिकामेच येतात. त्यातला एक टेम्पो माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, दोस्ताचा होता. कोबी-फ्लॉवर उतरवून येताना तो वाटेत कुठल्याशा खडकाळ किनाऱ्यावर थांबायचा आणि वीस-वीस लिटरचे दोन कॅन समुद्राच्या पाण्यानं भरून आणायचा. गल्लीतल्या बायका नळावर घागरींची रांग लावून एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायच्या आणि त्यांच्यामधून आमचा समुद्र खांद्यावर बसून घरात जायचा. ‘तुमचं मासं लई नशीबवान बाई,’ असं कुणी म्हटलं की माझी आई मान ताठ करायची. टोमणा कळण्याइतकी ती हुशार होती, पण त्यात आपला मान आहे असंच तिनं ठरवून टाकलं होतं.

हे मासे अण्णानं आणलेले. तो तीन वर्षं गोव्यात एका हॉटेलात कामाला होता. त्या हॉटेलच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची भली मोठी काचेची टाकी होती आणि ती सांभाळायचं काम अण्णाकडं आलं होतं. पुढं आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत कापसाची धूळ बसली, त्यांना दम लागायला लागला आणि आमचे चार यंत्रमाग बघायला घरात कुणी उरलं नाही. अण्णा नाइलाजानं परत आला आणि येताना समुद्राचं वेड घेऊन आला. पुढच्या खोलीत आजोबांच्या हातमागाचा खड्डा होता. पाय सोडून बसायचा तो खड्डा त्यानं फळ्यांनी बुजवला आणि त्यावर लोखंडी घोड्यावर चार फुटांची टाकी उभी केली. तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, तीन निळे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक झिंगा आणि एका दगडावर बसलेलं समुद्रफूल. ते फूल म्हणजे जिवंत प्राणी, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. ती सकाळी देवाला वाहिलेल्या फुलांसारखंच त्याच्याकडं बघून हात जोडायची.

माणसांशी बोलताना अण्णाची जीभ म्हणजे कातरी. आप्पांचीही तशीच. आमच्या घरात कुणी कुणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. भाकरी चांगली झाली तर ‘आज करपली न्हाय वाटतं’ असं म्हणायची पद्धत. पण टाकीसमोर बसला की अण्णा वेगळाच माणूस व्हायचा. पाण्यात हात घालायचा, झिंगा येऊन त्याच्या नखांच्या कडा कुरतडून साफ करायचा आणि अण्णा त्याला ‘आलास व्हय रं बाळा’ म्हणायचा. मला त्यानं कधी बाळा म्हटलं नाही. मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण मी शाले. ‘ए शाले, बादली आण.’

तरीही रविवार माझा होता. रविवारी माग बंद असत. सहा दिवस खडखडाट ऐकलेल्या कानांना ती शांतता सुरुवातीला दुखायचीच. मागच्या चुलीवर आईचं मटण शिजत असायचं, खोबरं-तीळ भाजल्याचा वास पुढच्या खोलीपर्यंत यायचा आणि अण्णा आणि मी टाकीचं पाणी बदलायला बसायचो. शुक्रवारी आलेलं पाणी मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडातून गाळून निळ्या प्लास्टिकच्या पिंपात झाकून ठेवलेलं असे. रविवारी अण्णा त्यात काचेची तरंगती नळी सोडून खारटपणा बघायचा. मग रबरी नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, आणि एक दम ओढून टाकीतलं जुनं पाणी खाली बादल्यांत उतरवायचं. दोन बादल्या जुनं पाणी गटारात. तुळशीला चुकून घातलं तर तुळस जळते, हे एक तुळस जाळून आम्ही शिकलो होतो. मग नवं पाणी तांब्यातांब्यानं, म्हणजे प्लास्टिकच्या मगातून, काचेच्या कडेनं हळूहळू सोडायचं. अर्धा-पाऊण तास. घाई केली की अण्णा हातावर मारायचा. ‘पाणी बदललं ह्ये माशाला कळायला न्हाय पायजे,’ तो म्हणायचा.

आणि या सगळ्याआधी एक गोष्ट व्हायची, जिच्यासाठी मी आठवडाभर वाट बघायची. अण्णाच्या बोटात तांब्याची अंगठी होती, अंगातली उष्णता कमी व्हावी म्हणून आईनं घालायला लावलेली. पाण्यात हात घालण्याआधी तो ती काढून माझ्या हातात द्यायचा. मी ती अंगठ्यात घालून बसायची. एकदा मी विचारलं, पडते म्हणून काढतोस काय. तेव्हा त्यानं मला सांगितलं. हॉटेलात नळ दुरुस्त करणाऱ्यानं टाकीच्या पाण्याच्या वाटेवर तांब्याचा नळीचा तुकडा बसवला होता आणि दोन दिवसांत टाकीतलं सगळं मेलं होतं. ‘खाऱ्या पाण्यात तांबं म्हंजे ह्यांस्नी इख. ध्यानात ठेव. ह्ये कुणाला म्हाईत न्हाय.’ कुणाला माहीत नाही आणि मला माहीत आहे. सतरा वर्षांच्या मुलीला, जिला कुणी धड नावानं हाक मारत नाही, तिला हे केवढं वाटतं ते आज सांगून कळायचं नाही.

मग वहिनी आली. कस्तुरी तिचं नाव, सदलग्याची. विणकराचंच घर, पण अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारं, आणि ती सातवीपर्यंत कानडी शाळेत शिकलेली. बोलायची आमच्यासारखंच, मधूनच एखादा कानडी शब्द टाकून. पण मराठी वाचता यायचं नाही. हे आप्पांना लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं आणि त्यांना करमणूक मिळाली. दुपारी जेवणं झाली की ते पेपर तिच्यापुढं टाकायचे. ‘वाच बघू, काय म्हणतंय सरकार.’ ती घामाघूम होऊन एकेक अक्षर ओळखायला बघायची, ‘भ’ला ‘म’ म्हणायची, आणि आम्ही सगळे हसायचो. आई पदर तोंडाला लावून, अण्णा उघड, आणि मी सगळ्यात मोठ्यानं. हसून झालं की आप्पा म्हणायचे, ‘ऱ्हाऊ दे, मासं बी वाचत न्हाईत.’ तीसुद्धा हसायची. त्याचाच मला राग यायचा. रडली असती तर कदाचित मी थांबले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही.

वीस वर्षांची मुलगी, एका दिवसात आपल्या घरातून उचलून आमच्या घरात आणून सोडलेली. माशाचं पाणी बदलायला आम्ही पाऊण तास घ्यायचो.

तिचं एकच आमच्या घरात चांगलं मानलं गेलं, ते म्हणजे तिचे हंडे. रुखवतात तिच्या बापानं दोन तांब्याचे हंडे दिले होते, चांगले पोटाचे, जड. ती ते चिंच आणि राखेनं असे घासायची की चुलीचा जाळ त्यात दिसायचा. प्यायचं पाणी ती त्यात भरून ठेवायची. एके दिवशी आप्पा भांडं तोंडाला लावून म्हणाले, ‘ह्या पाण्याला चव हाय.’ आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालं नव्हतं. वहिनी त्या दिवशी संध्याकाळी हंडे परत एकदा घासत बसली होती. शेंगांची चटणी कुटता कुटता मी तिच्याकडं बघत होते आणि माझ्या मनात आलं, हिला काहीतरी मिळालं.

आणि पुढच्याच महिन्यात तिला माझा रविवार मिळाला. माझ्या हातून पाण्याचा मग निसटला, नवं पाणी भसकन टाकीत पडलं, तळाची वाळू उडाली, मासे दगडाआड पळाले. अण्णानं माझ्या पाठीत एक घातला आणि आत हाक मारली, ‘ए, हिकडं ये.’ बायकोला तो ‘ए’च म्हणायचा. ती हात पुसत आली. त्यानं तिच्या हातात मग दिला आणि तिनं असं पाणी सोडलं की धारेचा आवाजसुद्धा आला नाही. अण्णा बघत राहिला. ‘बघ शाले,’ तो म्हणाला, ‘हात असा हलका पायजे. तू ऱ्हाऊ दे आता. अभ्यास कर जा.’ आमच्या घरात कौतुक होत नसे म्हणाले ना मी? तो दिवस त्याला अपवाद. मी उठले. पुढच्या रविवारी त्यानं अंगठी काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती मुठीत घट्ट धरली आणि सगळं होईपर्यंत मूठ उघडली नाही. का काढली, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. बायकोला कारण सांगायची आमच्यात पद्धत नव्हती. सांगितलेलं तेवढं करायचं.

मी तिला त्रास द्यायला लागले. मोठं काही नाही, पण रोज. तिच्या वाटणात मीठ टाकायचं. तिची कानडी बोली तिच्याच तोंडावर करून दाखवायची. रविवारी ती नळी तोंडात धरून दम ओढायला लागली की मी दुसरं टोक पाण्यात मुद्दाम जास्त खोल दाबायची, म्हणजे टाकीतलं घाण खारट पाणी एकदम तिच्या घशात जायचं. ती ओकारी दाबत परसात पळायची. ‘वैनी, समुद्र पिऊ नगंस, मासं कुठं ऱ्हातील?’ असं मी म्हणायची आणि अण्णा हसायचा. त्याला हसवता येतंय, हे मला पुरायचं. ती परत येऊन तोंड पुसत बसायची आणि मला म्हणायची, ‘वन्सं, मला अजून जमत न्हाय बघा. तुमी शिकवा की.’ सतराव्या वर्षी मी वन्सं होते आणि ती मला अहो-जाहो करत होती.

अण्णा मुंबईला गेला तो गुरुवार होता. तिथल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याला नवे दोन मासे आणायचे होते, पिवळे. जाताना वहिनीला म्हणाला, ‘रविवारी पाणी बदलायचं. चुकलं न्हाय पायजे.’ शुक्रवारी टेम्पो आला, दोन कॅन उतरले. वहिनीनं पहिला कॅन गाळून पिंपात ओतायला घेतला आणि पाणी खालून वाहायला लागलं. पिंपाच्या बुडाला चीर गेली होती. पाणी फरशीवरून मागांकडं निघालं तशी आई ओरडली, वहिनीनं पोतं टाकलं, उरलेलं पाणी कसंबसं परत कॅनमध्ये घेतलं. पण कॅन टेम्पोवाल्याला लगेच परत हवे होते, तो दारात हॉर्न वाजवत होता. बादल्या सगळ्या साबणाच्या. टाकीला साबण चालत नाही, एवढं तिला सांगितलेलं होतं. घागरी-कळश्यांत नळाचं पाणी भरलेलं, आणि नळ पुन्हा यायला अजून पाच दिवस. ती मधोमध उभी राहिली. मग तिचं तोंड उजळलं. ती स्वयंपाकघरात गेली, हंड्यांतलं प्यायचं पाणी परातीत, पातेल्यांत, मिळेल त्या भांड्यात काढलं, आणि दोन्ही हंडे कोरड्या फडक्यानं पुसून पुढं घेऊन आली. आपल्याकडचं सगळ्यात चांगलं भांडं ती माशांना देत होती.

मी टाकीजवळच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसले होते. कोपऱ्यात आई रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. वहिनीनं हंडे खाली ठेवले, कॅन उचलला आणि थांबली.

‘वन्सं, ह्यात चालंल न्हवं?’

मी पुस्तकातून मान वर केली. हंडे नुकते घासलेले होते. मला माझा चेहरा त्यात दिसला, पोटाच्या गोलाईमुळं रुंद झालेला.

‘चालंल की,’ मी म्हणाले. ‘तांब्याचं पाणी तर लई चांगलं. आप्पाच म्हणत्यात न्हवं?’

रहाट थांबला. अगदी क्षणभर, दोरा तुटल्यावर थांबतो तसा. मग पुन्हा फिरायला लागला. आईला तांब्याचं कितपत माहीत होतं हे मला ठाऊक नाही. अंगठी दर रविवारी कुणाच्या हातात जाते, हे ती बघत होती. आणि माझा आवाज तिला माहीत होता.

मी रागाच्या भरात बोलले असं मला म्हणता आलं असतं, पण शुक्रवार संपला, शनिवार आख्खा गेला. शनिवारी दुपारी वहिनी परसात धुणं धूत असताना मी हंड्यावरचं फडकं उचलून बघितलं. काठाला पाण्याची एक हिरवट रेघ उमटली होती. मी फडकं परत नीट घातलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि त्या दिवशी मी दिवसभर वटवट करत होते. मला भीती वाटत नव्हती. मला बरं वाटत होतं, ते मी इथं लिहून ठेवते.

रविवारी तिनं पाणी बदललं. अण्णा नसताना तिनं आणखी सावकाश केलं, मला वाटतं तासभर. माशांना कळलं नाही. मागं मटण शिजत होतं आणि मी लसूण सोलत होते. संध्याकाळी झिंगा उताणा पडला. त्याचे पाय एकेक करून हलत होते, मग एकेक करून थांबले. वहिनी काचेला नाक लावून बसली. ‘वन्सं, ह्यो असा का करालाय?’ मी म्हणाले, कात टाकत असंल. सोमवारी समुद्रफुलानं तोंड आत ओढून घेतलं आणि दुपारपर्यंत त्याची आतली बाजू बाहेर आली, पांढरी लिबलिबीत. खोलीभर घाण सुटली. आईनं त्या दिवशी हात जोडले नाहीत. नारिंगी मासे, जे त्या फुलात झोपायचे, ते त्या सडक्या गोळ्याला चिकटूनच राहिले आणि तोंड उघडझाप करत तिथंच मेले. निळे पाण्याच्या वर येऊन श्वास घेत होते. वहिनीनं दिवसभर अन्नाला हात लावला नाही. एकदा माझा हात धरून म्हणाली, ‘ह्यांस्नी फोन लावूया का?’ मी हात सोडवून घेतला. ‘उद्या येतोयच की त्यो.’

मंगळवारी सकाळी अण्णा आला. हातात हवा भरलेली पिशवी, तिच्यात दोन पिवळे मासे. तो दारातूनच ‘बघा कोण आलंय’ म्हणाला आणि मग त्याला वास आला. टाकीसमोर तो पिशवी धरून उभा राहिला. मागं चारही माग चालू होते, म्हणून आम्हाला सगळ्यांना मोठ्यानं बोलावं लागलं. नाहीतर तो मोठ्यानं बोलला नसता.

‘पाणी कशात ठेवलंतं?’

वहिनीनं हंड्यांकडं बोट दाखवलं.

‘तांब्यात.’ तो म्हणाला. ‘कुणी सांगितलं तांब्यात ठेवायला?’

‘पिंप फुटलंतं. मी वन्संस्नी इच्यारलं हुतं,’ वहिनी म्हणाली. तक्रार म्हणून नाही. झालं ते सांगावं तशी म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. आता मी पुढं होऊन उरलेलं सांगेन, असं तिला खरंच वाटत होतं.

‘मला?’ मी म्हणाले. ‘कवा?’

मग आई उठली. ‘स्वतःची चूक पोरीवर ढकलतीस व्हय गं? कुवार पोरीवर आळ घ्यायला जीभ कशी रेटती तुझी? मी हितंच हुतो की बसून. काय बी इच्यारलं न्हाय हिनं.’ आप्पा खोकत खोकत म्हणाले, ‘कानडी शाळंत एवढंच शिकीवलं वाटतं.’ त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

अण्णानं तिला मारलं नाही. पुष्कळदा मला वाटतं, मारलं असतं तर बरं झालं असतं, दुखून संपलं असतं. त्यानं स्वयंपाकघरातून पितळेचं जेवायचं ताट आणलं आणि तिला मेलेले जीव हातानं एकेक काढून त्यात ठेवायला लावले. समुद्रफूल बोटांतून गळत होतं, तेही. मग तिला भिंतीशी बसवलं, ताट मांडीवर दिलं. ‘बस. बघ. तुझं रुखवत.’ सकाळची दहाची वेळ असेल. आम्ही जेवलो तेव्हा ती बसलेली होती. पिवळ्या माशांची पिशवी त्यानं मागाच्या खुंटीला अडकवली होती, कारण त्यांना सोडायला घरात पाणीच नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला तेही पिशवीत आडवे झाले. अण्णानं पिशवी काढली आणि तिच्या ताटात ओतली. पाणी तिच्या मांडीवरून खाली वाहिलं. त्यानंतर कुठं त्यानं सदलग्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. काय झालं ते ऐकून त्याला काही समजेचना. चार मासे मेले म्हणून? त्यानं आप्पांचे पाय धरले, अण्णाचे धरले, मग आईचे. शेवटी गोंधळून माझ्यासमोरही वाकला. आईनं तोवर दोन्ही हंडे दारात आणून ठेवले होते. आमच्याकडं बायको चार दिवस माहेरी जाते तेव्हा पिशवी घेऊन जाते. रुखवताची भांडी तिच्याबरोबर उंबऱ्याबाहेर पडली की मग काही विचारायचं नसतं. भावानं हंडे बघितले आणि पाय धरायचं थांबवलं. वहिनी त्या हंड्यांमागं उभी होती. साडी कालचीच, मांडीवर मिठाचे पांढरे डाग. जाताना ती माझ्यापाशी थांबली. मला वाटलं ती थुंकेल. ती म्हणाली, ‘वन्सं, माझं काय चुकलं ते तरी सांगा.’ मी आत निघून गेले.

महिन्याभरात टाकी पुन्हा भरली. नवं पिंप आलं, नवे मासे आले. पहिल्या रविवारी अण्णानं हाक मारली, ‘शाले’. मी जाऊन बसले. त्यानं अंगठी काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी ती अंगठ्यात घातली. माग बंद होते, मटणाचा वास येत होता, सगळं जागच्या जागी होतं. पाणी अर्धं उतरलं तेव्हा तो टाकीवरची नजर न काढता म्हणाला, ‘तांब्याचं मी तुला एकलीलाच सांगितलं हुतं.’

मी नळी खाली वाळूपर्यंत दाबली. आईलाही माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. माझं ते ‘मला? कवा?’ कुणालाच फसवायच्या कामी आलं नव्हतं.

‘मग तिला का धाडलास?’ मी विचारलं.

‘कुणाला तरी धाडाय पायजे हुतं,’ अण्णा म्हणाला. ‘तिला धाडायला सदलगं हुतं. तुला कुठं धाडलो असतो?’ आणि मग, ‘हात हलका ठेव. मासं बिचकालेत.’

पुढं त्यानं दुसरं लग्न केलं. दुसरीला पहिल्याच रविवारी तांब्याचं सांगितलं, चांगलं समजावून, हॉटेलातल्या नळीसकट. तिचा संसार तीस वर्षं झाला. माझं लग्न निपाणीत झालं, आणि मग मलाही धाडायला एक गाव मिळालं, वडगाव. माझी सासू त्याचं नाव रोज सकाळी चहाबरोबर घ्यायची. तेव्हा मला वहिनी आठवायला हवी होती. खरं सांगायचं तर आठवली नाही. तेव्हा मला फक्त माझीच कीव यायची.

ती भेटली अगदी अलीकडं, निपाणीच्या बसस्टँडवर. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. केस पांढरे, बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली. तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला येते म्हणाली, पुष्कळ वर्षं झाली. दुसरं लग्न केलं नाही, भावाच्या घरी असते. अण्णा गेल्याचं तिला कळलं होतं. ‘वाईट झालं,’ म्हणाली. टाकी आहे का अजून, म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. मी तिला चहा घेतला. बशीत ओतून ती हळूहळू प्यायली. हात अजून तसाच होता, थेंब सांडला नाही.

मग ती म्हणाली, ‘वन्सं, एक इच्यारू? राग मानू नगा. आता काय, सगळं झालं गेलं. त्या दिवशी तांब्याचं... तुमास्नी म्हाईत हुतं का?’

तिला भांडायचं नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं ती एकच गोष्ट घासत बसली होती आणि तिला फक्त आत काय आहे ते बघायचं होतं. अण्णा नव्हता, आप्पा नव्हते, आई नव्हती. मला कुठं धाडायला कुणी उरलं नव्हतं. खरं बोलायला मला एका पैचीही तोशीस पडणार नव्हती.

‘न्हाय गं वैनी,’ मी म्हणाले. ‘मला कुठलं म्हाईत असणार?’

तिनं मान हलवली. ‘तेच की. मी आपली उगं तुमच्यावर संशय घेत आले. माफ करा वन्सं.’ सदलग्याची बस लागली होती. तिनं वाकून मला नमस्कार केला, मी करू दिला, आणि ती गेली.

निपाणीहून सदलगा काही लांब नाही. दिवसातून कितीतरी बसा जातात, त्या मी माझ्या गॅलरीतून बघते. त्यातल्या एकीत बसण्याऐवजी मी हे लिहायला बसले. व्हय वैनी, मला माहीत होतं. झालं, लिहिलं. मी हे मराठीत लिहिलं आहे आणि तुला मराठी वाचता येत नाही. तेही मला माहीत आहे.